काकांचं पथ्य

काका जेवायला बसले की आधी डोळे मिटायचे. नवख्या माणसाला वाटायचं, देवाचं नाव घेतायत. पण ते त्या वेळी आज काय जेवायचं हे ठरवत असत. ताटात काय आहे याच्याशी त्याचा काही संबंध नसे. ताटात ठरलेलंच असायचं: नागलीची भाकरी, वाफवलेला दुधी नाहीतर लाल भोपळा, मुगाचं बिनफोडणीचं वरण आणि काकडी. काका डोळे मिटूनच म्हणायचे, "आज कोळंबीचं आंबट. कैरी घातलेलं." मग भाकरीचा तुकडा मोडून भोपळ्याला लावायचे आणि इतक्या सावकाश चावायचे की समोर बसलेल्या माझ्या तोंडाला कैरीचं पाणी सुटायचं.

"आठवणीला तेल लागत नाही, बेन," ते मला सांगायचे. गुजराती वळणाने ते मला बेन, म्हणजे बहीण म्हणत.

काका माझे घरमालक. डहाणूहून आगरकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची चिकूची वाडी होती. वाडीच्या टोकाला घर, घराच्या मागे सुरूची झाडं आणि झाडांच्या पलीकडे समुद्र. नव्वद साल उलटून गेल्यावर मी डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले आणि त्यांच्या ओटीशेजारची खोली भाड्याने घेतली. सिन्नरहून आलेली, समुद्र कधी रोजचा न पाहिलेली मुलगी मी. पहिल्या दिवशी काकींनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं ऐकून घ्यायचं. उत्तर द्यायची गरज नसते."

त्या घराला स्वतःची एक झोपाळू लय होती. दुपारी वाडीत वारा पडला की चिकूंचा गोडसर वास जमिनीलगत साचून राहायचा. मजूर बायका वारलीत काहीतरी बोलत फळं टोपल्यांत भरायच्या, काका त्यांच्याशी अर्धं त्यांच्या भाषेत, अर्धं मराठीत बोलायचे, आणि व्यापारी आला की गुजरातीत शिरायचे. कुठल्याही भाषेत त्यांचा विषय मात्र फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायचा. रक्त.

त्याला कारण होतं. काकांचे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वाडीत झाडाला टेकून बसले ते उठलेच नाहीत. थोरला भाऊ पन्नाशी गाठायच्या आत गेला. मी राहायला आले तेव्हा काका सेहेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांशी, पापण्यांवर, पिवळसर चट्टे होते. हळद लागून राहावी तसे. मला पाहताक्षणी शंका आली, आणि आठवड्याभरात मीच त्यांना लॅबमध्ये यायला सांगितलं. कोलेस्टेरॉल निघालं तीनशे चाळीस.

दुसरा कोणी घाबरला असता. काकांनी विचारलं, "हे दिसतं का? डोळ्यांना?"

मी त्यांना दाखवलं. रक्तातला पेशींचा भाग खाली बसवून वरचं पिवळसर पाणी काढायचं, त्याचा थेंब काचेच्या नळीत औषधात टाकायचा आणि नळी कोमट पाण्यात उभी करायची. पाचदहा मिनिटांत नळीत गुलाबी रंग चढतो. कोलेस्टेरॉल जितकं जास्त, तितका रंग गडद. काका स्टुलावर बसून त्या नळीकडे असे बघत राहिले, जसे लोक मावळतीकडे बघतात. "माझ्या आत हे इतकं सुंदर आहे," ते म्हणाले, "आणि ह्यानेच माझा बाप नेला."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी उपाशीपोटी, धुतलेला पांढरा सदरा घालून काका लॅबमध्ये हजर व्हायचे. आकड्याचा कागद त्यांना नको असे. ते रंग बघायला यायचे.

पथ्य त्यांनी असं धरलं, जसं कुणी नवस धरावा. घरात नारळाची रास, पण खोबरं बंद. तूप बंद, अंडी बंद, मटण बंद, जिच्यावर त्यांचा जीव ती कोळंबी बंद. पहाटे ओहोटी असली की ते अनवाणी निघत आणि ओल्या वाळूवरून थेट पाण्यापर्यंत चालत जात. डहाणूचा समुद्र ओहोटीला फार लांब जातो. सुरूच्या झाडांतून बघितलं तर काका म्हणजे करड्या पसाऱ्यातला एक ठिपका. पाण्याला पाय लागले की वळायचं, आधी नाही. एकदा मी म्हटलं, "काका, अर्ध्यातून परत आलात तरी चालणं तेवढंच होईल की, दोनदा जा." ते म्हणाले, "अर्ध्यातून परत आलेल्या माणसाला समुद्र ओळखत नाही."

आकडा उतरला. तीनशे चाळीसचा तीनशे झाला, वर्षभराने दोनशे ऐंशी. काका हलके झाले, गाल बसले, चालणं तरुण झालं. आणि गावात त्यांचं नाव झालं. रविवारी लोक ओटीवर येऊन बसू लागले. कोणाला साखर, कोणाला प्रेशर, कोणाचं नुसतंच पोट. काका सगळ्यांना नागलीची भाकरी खाऊ घालायचे आणि डोळे मिटून जेवायला शिकवायचे. मोठी मोठी, पोट सुटलेली माणसं आमच्या ओटीवर डोळे मिटून भोपळा खात बसली आहेत आणि एकमेकांना सांगतायत, "मी आज उंधियू घेतलंय," "माझं पापलेट," हे दृश्य मी पुष्कळदा पाहिलंय. काकी स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या आणि पदराने हसू झाकायच्या.

पण दोनशे ऐंशीच्या खाली रंग काही फिका होईना. सहा महिने झाले, आठ झाले. नळी तशीच गुलाबी.

स्टेशन रस्त्यावर एक तरुण डॉक्टर होते, मुंबईहून शिकून आलेले. त्यांनी काकांना बोलावून घेतलं. मीही सोबत गेले होते. ते म्हणाले, "काका, पथ्याने जेवढं उतरायचं तेवढं उतरलं. उरलंय ते तुमच्या घराण्याचं आहे. ते भोपळ्याला ऐकणार नाही. आता नवी गोळी आली आहे, रात्री जेवल्यावर एक. यकृतावर लक्ष ठेवावं लागेल, त्यासाठी मधूनमधून रक्त तपासू. पण घ्या."

"घराण्याशी मी बोलतो," काका म्हणाले आणि उठले.

घरी येताना ते आगरच्या वळणावर थांबून म्हणाले, "माझ्या भावाच्या सदऱ्याच्या खिशात गोळ्या होत्या, बेन. गेला तेव्हा. पाकीट नव्हतं, कंगवा नव्हता, नुसत्या गोळ्या. गोळी घेतली की माणूस आजारी होतो. पथ्य करणारा माणूस फक्त हट्टी असतो."

"त्या वेगळ्या गोळ्या होत्या, काका. तेव्हा ही निघालीसुद्धा नव्हती."

"पथ्य माझ्या हातात आहे," ते म्हणाले. "गोळी दुसऱ्याच्या हातात."

 मला वाटतं, मलाही त्यांचं पटायला लागलं होतं. रोज रंग मोजणारी मी, पण पहाटेच्या उजेडात पाण्यापर्यंत चालत जाणारा तो माणूस बघितला की वाटायचं, ह्याला काय होणार आहे?

त्याच हिवाळ्यात माझे वडील, अण्णा, माझ्याकडे राहायला आले. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले, अबोल. वर्षभरापूर्वी त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका येऊन गेला होता आणि नाशिकच्या डॉक्टरांनी चार औषधं लावून दिली होती. त्यात ही कोलेस्टेरॉलची नवी गोळीही होती. हवापालट होईल म्हणून मीच त्यांना बोलावलं.

काका आणि अण्णा यांचं असं जमलं की मला आश्चर्य वाटलं. काका बोलायचे, अण्णा ऐकायचे. चार दिवसांत अण्णा काकांबरोबर पहाटे चालायला जाऊ लागले. आठवड्याभरात त्यांनी काकींना सांगितलं, "वहिनी, मलाही ह्यांचंच जेवण वाढा." आणि एके दुपारी मी लॅबमधून जेवायला घरी आले तर ओटीवर अण्णा डोळे मिटून बसलेले.

"अण्णा, काय जेवताय?" मी गंमतीने विचारलं.

"तुझ्या आईने केलेली शेवभाजी," अण्णा म्हणाले.

आई गेल्यानंतर तिचा विषय त्यांनी आपणहून काढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी खोलीत जाऊन थोडा वेळ तोंड धूत राहिले. काकांचे किती उपकार मानावेत असं मला त्या दिवशी झालं होतं.

दोन महिने असे गेले. मग जानेवारीतला एक रविवार. थंडी होती, समुद्रावर धुकं होतं. चहा झाला म्हणून दोघांना हाक मारायला मी सुरूच्या झाडांपाशी गेले. लांब, पाण्याच्या कडेला, दोन ठिपके दिसत होते. मी बघत उभी राहिले. धुक्यात वाळू आणि आकाश एक झालं होतं आणि ते दोघे त्यात तरंगत असल्यासारखे दिसत होते. मग दोनातला एक ठिपका बुटका झाला. थोड्या वेळाने दोघांचा एकच झाला, मोठा, आणि माझ्याकडे सरकू लागला. फार हळू. मला काही कळेना. भरती लागली होती. त्यांच्या मागून पाण्याची चकाकती रेघ येत होती आणि पाहता पाहता ती त्या ठिपक्याच्या पायाशी पोचली.

काकांनी अण्णांना पाठीवर घेतलं होतं.

मी धावले. चिखलात पाय रुतत होते. मी पोचले तेव्हा काकांच्या गुडघ्यापर्यंत पाणी होतं. अण्णांचा चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. काकांना बोलायला श्वास नव्हता. त्यांच्या घराण्याचं ते हृदय छातीत धडधडताना मला सदऱ्यावरून दिसत होतं. क्षणभर मला कळेना की ह्या दोघांतला कोण आधी पडणार आहे. मी अण्णांचे पाय धरले, आणि आम्ही तसेच, निम्मे पाण्यातून, किनाऱ्याला आलो. चिकूच्या टोपल्या स्टेशनवर न्यायला आलेला टेम्पो वाडीत उभा होता. टोपल्या उतरवायला वेळ नव्हता. त्यांच्या मध्येच अण्णांना झोपवलं आणि दवाखाना गाठला.

तो झटका होता, आधीच्यापेक्षा मोठा. त्या तरुण डॉक्टरांनी जे करायचं ते लगेच केलं. दुपारपर्यंत अण्णांच्या चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टर म्हणाले, त्यांची चालू औषधं घेऊन या. मी घरी येऊन त्यांची पिशवी उपसली. तीन औषधांची पाकिटं अर्धीमुर्धी संपलेली होती. चौथ्या, कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या. एकही गोळी काढलेली नव्हती. दोन महिन्यांच्या.

मी परत गेले तेव्हा काका दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले होते. ओलं धोतर अंगावरच वाळलेलं, पायांना चिखल. मी पट्ट्या त्यांच्या पुढे धरल्या.

"तुम्ही सांगितलंत त्यांना सोडायला?"

"नाही."

"मग?"

त्यांनी पट्ट्या हातात घेतल्या. "मी विचारलं नाही," ते म्हणाले. "दोन महिने माझ्या शेजारी चालत होते, माझ्या पंगतीला जेवत होते. गोळी घेता ना, एवढं विचारायला काय लागत होतं? पण मला आवडत होतं, बेन. कुणीतरी अगदी माझ्यासारखं करतंय, हे मला फार आवडत होतं."

मी रागावले होते. तरी बाकावर त्यांच्या शेजारी बसले.

संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, "गोळी सोडली म्हणूनच झालं, असं मी म्हणणार नाही. आजार आधीचा होता. कदाचित घेत असते तरी झटका आला असता. पण सोडायला नको होती." ते काकांना सुटकेची वाट करून देत होते. काकांनी ती घेतली नाही. ते म्हणाले, "डॉक्टर, माझी पण लिहा."

अण्णा अकरा दिवसांनी घरी आले. काका रोज त्यांच्या उशाशी बसत, पण बोलत मात्र नसत. शेवटी अण्णाच म्हणाले, "अहो, बोला काहीतरी. तुमच्यामुळे आजारी पडलो नाही मी. मला वाटलं होतं, डोळे मिटले की सगळं जमतं. ते माझं मला वाटलं होतं." काका उठून बाहेर गेले आणि वाडीत बराच वेळ हिंडत राहिले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्कूटर काढली आणि मला म्हणाले, "चल. मला साक्षीदार हवा." ओटीवर येऊन गेलेल्यांपैकी ज्यांना डॉक्टरांनी औषध दिलं होतं आणि जे काकांचं ऐकून, त्यांना बघून ते घेईनासे झाले होते, अशी माणसं ते शोधत होते. चिंचणीला त्यांची मावसबहीण होती, सुक्या बोंबलांच्या रांगांमध्ये उभी राहून ती भांडली. "तूच म्हणालास, गोळीत काय आहे!" काका म्हणाले, "म्हणालो. चूक होतं." तलासरीच्या शाळेतल्या हेडक्लार्कनी ऐकून घेतलं आणि चहा पाजला. काका जिथे जात तिथे एवढंच म्हणत, "मी चुकीचं सांगितलं. पथ्य सोडू नका, पण गोळीही सोडू नका." समजावून सांगणं नाही, गोष्ट नाही, रंगाचं वर्णन नाही. त्यांच्या तोंडून इतकी कोरडी वाक्यं मी कधी ऐकली नव्हती.

सर्वांत शेवटी अच्छाडचा ढाबेवाला. चेकपोस्टजवळ ट्रकांच्या रांगेपुढे त्याचा ढाबा होता. तो स्वतः अवाढव्य, मनाने दिलदार. दिवस मावळत होता, रस्त्यावरची धूळ तांबूस झाली होती. काकांचं ऐकून तो मोठ्याने हसला.

"अरे काका, तुमच्यामुळे मी परोठा सोडला, लोणी सोडलं. बारा किलो उतरलो. आता गोळी कशाला?"

"तपासलंस का?"

"वजन तपासलं ना!"

काकांनी खिशातून स्वतःची पट्टी काढली. ढाब्यावरच दोन भाकऱ्या आणि डाळ मागवली, डोळे उघडे ठेवून खाल्ली आणि त्याच्यासमोर गोळी पाण्याबरोबर गिळली. मग म्हणाले, "माझं ऐकून सोडलीस. आता माझं ऐकूनच घे."

ढाबेवाल्याचं हसू थांबलं. तो आत गेला आणि गल्ल्यामागच्या फळीवरून एक धूळ बसलेली पट्टी घेऊन आला. "ह्याची तारीख उलटून गेली असेल," तो म्हणाला, जरा लाजून. "उद्या रक्त द्यायला येतो."

तो खरंच आला.

गोळीने काकांच्या नळीचा रंग तीन महिन्यांत इतका फिका केला की मला कागद दोनदा तपासावा लागला. दोनशे दहा. पथ्य त्यांनी चालूच ठेवलं, चालणंही. फक्त अण्णांना बरोबर घेऊन ते आता सुरूच्या झाडांपासून चेहरे ओळखू येतील इतकंच लांब जात, आणि अर्ध्यातून परत येत. पुढे माझं लग्न झालं, मी डहाणू सोडलं. अण्णा त्यानंतर बारा वर्षं जगले. काका साठी ओलांडून गेले होते तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं. आंब्याच्या दिवसांत वाडीत खाटेवर बसून ते कुणाला तरी गुजरातीत रागावत होते.

पण काका म्हटलं की मला दुसराच दिवस आठवतो. अण्णांच्या आजारपणानंतरच्या मे महिन्यातला. काकांना एकच मुलगी होती, एकोणीस वर्षांची, मुंबईला मावशीकडे राहून कॉलेज शिकणारी. बापासारखीच उंच, तशीच स्वप्नाळू चालणारी. डॉक्टरांनी काकांना सांगितलं होतं, "हे रक्तातून उतरतं. मुलीचंही बघा." काकांनी ते तीन महिने टाळलं होतं. मग एका सकाळी ते तिला उपाशीपोटी घेऊन लॅबमध्ये आले.

ती आत आली. काका आले नाहीत. ते रस्त्यापलीकडच्या सायकलच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. मी रक्त घेतलं. तिने विचारलं, "बाबा इथेच बसून बघतात ना? मला पण दाखव." आम्ही दोघींनी मिळून नळीकडे बघितलं. मला कागदाची गरज नव्हती, तरी मी मोजलं. दोनशे नव्वद.

मी कागद घेऊन रस्ता ओलांडला. ऊन चढलं होतं. काकांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि आकडा वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी रंगाविषयी विचारलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस इथेच खाली बसेल. पण त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आजही दुःख म्हणू शकत नाही.

"आमच्या घरात हे आजवर कुणाला वेळेवर कळलं नव्हतं, बेन," ते म्हणाले.

मुलगी मागून येऊन उभी राहिली होती. तिने कागद उलगडून पाहिला. "म्हणजे मलाही भोपळा?"

"भोपळा आजपासून," काका म्हणाले. "गोळी कधी, ते डॉक्टर सांगतील. आणि ते सांगतील ते आपण ऐकायचं."

"तुम्हीसुद्धा?"

"मी तर आधी."

ती हसली. काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि उन्हातून, सायकलींच्या आणि हातगाड्यांच्या मधून वाट काढत, बापलेक डॉक्टरांच्या दवाखान्याकडे गेली.